पाच महिन्यांचे पोप : संत सेलेस्टीन पाचवे

जगाच्या इतिहासाची पाने चाळीत असता अधिकार मिळविण्यासाठी झटलेल्या माणसांची नावे पदोपदी आढळतात. कोणी त्यासाठी भावास कैदेत टाकले, कोणी बापाविरुद्ध शस्त्र उपसले, कोणी दिलेले वचन मोडले. परंतु हाती आलेला अधिकार आपण होऊन खाली ठेवणारी माणसे शोधू लागलो, तर ती बोटांवर मोजण्याइतकीच सापडतात. अशा थोड्या माणसांपैकी एकाचे चरित्र आम्ही ह्या लेखात आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे ठेवीत आहो. पोप सेलेस्टीन पाचवे हे इ. स. १२९४ मध्ये अवघे पाच महिने आठ दिवस रोमच्या धर्मपीठाचे प्रमुख होते. त्यांनी कोणतेही युद्ध जिंकले नाही, की राज्याची सीमा वाढविली नाही. तथापि सातशेहून अधिक वर्षे लोटली तरी त्यांच्या एका कृत्याविषयीचा वाद मिटलेला नाही. ते कृत्य भ्याडपणाचे होते की धैर्याचे, हाच तो वाद होय. आमचे मत आम्ही शेवटी सांगू. त्याआधी हकीकत जशी घडली तशी वाचकांनी ऐकावी.

सेलेस्टीन हे त्यांचे पोपपदावरील नाव. मूळचे नाव पिएत्रो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ज्याला पेत्र म्हटले आहे तेच हे नाव होय. त्यांचा जन्म इ. स. १२१० च्या सुमारास दक्षिण इटलीतील मोलिझे प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. बापाचे नाव अँजेलेरिओ व आईचे मारिया. ह्या दांपत्यास बारा मुले झाली. पिएत्रो हा त्यांतील अकरावा. बाप लवकर वारला. घरात खाणारी तोंडे पुष्कळ व कमावणारे हात थोडे, अशा स्थितीत एका मुलाला शेतीच्या कामातून काढून विद्या शिकविणे हे नातलगांस मुळीच पसंत नव्हते. परंतु आपल्या मुलांपैकी एकाने तरी देवाच्या सेवेस लागावे अशी मारियेची फार इच्छा होती. तिने सर्वांचा विरोध सोसून पिएत्रोला अक्षरओळख करून दिली, असे सांगतात. विधवा मातेने पोटाला चिमटा घेऊन मुलाच्या हाती पुस्तक द्यावे, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस अनोळखी वाटणार नाही.

वयात येताच पिएत्रो बेनेडिक्टच्या पंथातील एका मठात दाखल झाले. परंतु मठातील जीवनही त्यांस फार गजबजलेले वाटू लागले. एकांत, उपवास व प्रार्थना ह्यांकडे त्यांच्या मनाचा ओढा होता. ते रोमला गेले, तेथे त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि तेथून परत येऊन सुल्मोना शहराजवळच्या मोर्रोने नावाच्या डोंगरातील एका गुहेत ते राहू लागले. काही वर्षांनी त्या बाजूसही माणसांची ये-जा वाढली, तेव्हा दोन सोबत्यांसह ते मायेल्ला नावाच्या अधिक उंच व निर्जन पर्वतावर निघून गेले. त्यांचे व्रत फार कडक होते. अंगावर गाठी मारलेले केसाळ वस्त्र, कमरेभोवती लोखंडी साखळी, रविवारखेरीज रोज उपवास, आणि वर्षातून चार वेळा चाळीस चाळीस दिवसांची व्रते. त्यांपैकी तीन तर केवळ भाकरी व पाणी ह्यांवर. आजच्या वाचकास देहदंडाची ही रीत कदाचित रुचणार नाही. परंतु मनुष्य मनाशी किती प्रामाणिक होता हे त्यावरून कळते. जे तो बोलत होता ते तो स्वतःच्या शरीरावर भोगून दाखवीत होता.

सुगंध कोंडून ठेवता येत नाही, तसे पिएत्रोंचे झाले. ते माणसांपासून जितके दूर जात, तितकी माणसे त्यांच्यामागे येत. शिष्य जमले, मठ उभे राहिले, आणि इ. स. १२६४ च्या सुमारास पोप अर्बन चौथे ह्यांनी ह्या नव्या संघास बेनेडिक्टच्या पंथात सामावून घेतले. पुढे १२७४ साली फ्रान्समधील लिऑन शहरी ख्रिस्ती धर्माध्यक्षांची मोठी परिषद भरणार होती. नव्याने निघालेले संघ मोडून टाकण्याचा ठराव त्या परिषदेत येणार, अशी बातमी पसरली. तेव्हा साठी उलटलेले पिएत्रो इटलीतून आल्प्स पर्वत ओलांडून लिऑनला गेले, आणि पोप ग्रेगरी दहावे ह्यांच्याकडून १२७५ साली आपल्या संघाची मान्यता कायम करून घेऊनच परतले. ह्या गोष्टीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. पिएत्रो हे दुबळे किंवा निष्क्रिय गृहस्थ होते अशी जी समजूत पुढे झाली, ती ह्या प्रवासाशी जुळत नाही. ज्या कामाची त्यांस जाण होती, त्या कामी ते खंबीर होते. मात्र संघ वाढला, मठांची संख्या वाढली, हिशेब व तंटे आले, तेव्हा रोजचा कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवून ते पुन्हा गुहेत गेले. आपले बळ कोठे आहे व कोठे नाही, हे त्यांस त्याही वेळी उमगले होते.

आता ज्या वादळात हा विरक्त म्हातारा ओढला गेला, ते वादळ काय होते हे सांगितले पाहिजे. तेराव्या शतकातील पोप हे केवळ धर्मोपदेशक नव्हते. मध्य इटलीतील विस्तृत प्रदेशावर त्यांचे राज्य होते. दक्षिण इटली व सिसिली बेट मिळून जे राज्य होई, त्याचा राजा पोपचा मांडलिक समजला जाई. युरोपातील सर्व देशांतून खटले, अर्ज व नेमणुकांची प्रकरणे पोपच्या कचेरीत येत आणि तेथून मोहरबंद आज्ञापत्रे सुटत. साहजिकच त्या आसनावर आपला मनुष्य बसावा अशी राजेरजवाड्यांची धडपड असे. इ. स. १२६६ मध्ये फ्रान्सच्या राजघराण्यातील आंजूचा चार्ल्स ह्याने पोपच्याच आमंत्रणावरून येऊन हे दक्षिणेचे राज्य जिंकले होते. परंतु १२८२ च्या ईस्टरच्या सणात पालेर्मो शहरी फ्रेंचांविरुद्ध बंड उसळले, पुष्कळ कत्तल झाली, व सिसिली बेट स्पेनमधील आरागॉनच्या राजाकडे गेले. चार्ल्सचा मुलगा चार्ल्स दुसरा नेपल्स येथे राज्य करीत होता, आणि गेलेले बेट परत मिळविणे हा त्याच्या आयुष्याचा ध्यास होता. त्यासाठी आपल्याला अनुकूल असा पोप त्यास हवा होता.

अशा वेळी, ४ एप्रिल १२९२ रोजी, पोप निकोलस चौथे वारले. नवा पोप निवडण्याचा अधिकार कार्डिनल नावाच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकडे असे. त्या वेळी ते फक्त बारा होते, व त्यांपैकीही एक लवकरच मरण पावले. राहिलेल्या अकरांत रोममधील दोन बलाढ्य घराण्यांचे तट पडले होते. एक ओर्सिनी व दुसरे कोलोन्ना. निवड होण्यास दोनतृतीयांश मते लागत, आणि तितकी मते कोणाच्याही पारड्यात पडेनात. उन्हाळा आला, रोममध्ये रोगराई सुरू झाली. काही कार्डिनल रिएती गावी गेले, काही रोमलाच राहिले. पुढे सर्व पेरुजिया शहरी जमले. चार्ल्स राजा तेथे स्वतः येऊन निवड लवकर करण्याविषयी आग्रह करू लागला, तेव्हा बेनेदेत्तो कायेतानी नावाच्या एका करारी कार्डिनलाने त्यास तोंडावर खडसावले. अशा रीतीने सत्तावीस महिने गेले. ख्रिस्ती जगताचे मुख्य आसन रिकामे, आणि ते भरण्याचे ज्यांचे कर्तव्य ते आपापल्या घराण्यांचे हित पाहण्यात गुंतलेले!

जुलै १२९४ मध्ये वृद्ध कार्डिनल लातिनो मालाब्रांका ह्यांनी सभेत सांगितले की, निवड आणखी लांबल्यास देवाचा कोप होईल, असा इशारा एका पवित्र संन्याशाकडून आला आहे. तो संन्यासी म्हणजे मोर्रोनेचे पिएत्रो, हे कळताच सभेचा रंग पालटला. मालाब्रांकांनी त्यांनाच पोप करावे असे मत दिले. एकामागून एक सर्वांनी संमती दिली. आणि ५ जुलै रोजी, जो मनुष्य सभेत नव्हता, ज्याने कधी दरबार चालविला नव्हता, तो एकमताने पोप झाला. ही दैवी प्रेरणा होती, असे त्या वेळी पुष्कळांस वाटले. आम्ही त्यावर निर्णय देत नाही. परंतु एवढे खरे की, प्रत्येक तटास आपला शत्रू निवडून येण्यापेक्षा कोणाचाच नसलेला म्हातारा पत्करला. आपसांतील भांडण मिटविण्याचे ओझे त्यांनी एका निरपराध मनुष्याच्या खांद्यावर ठेवले, आणि आपण मोकळे झाले.

निवडीचे पत्र घेऊन धर्माध्यक्षांची मंडळी डोंगराची अवघड वाट चढून गेली. गुहेच्या जाळीतून त्यांस दिसला तो उपवासांनी खंगलेला, दाढी वाढलेला, रडून डोळे सुजलेला एक वृद्ध. वय ऐंशीच्या घरात. आलेल्या मंडळींनी गुडघे टेकले, तेव्हा त्यांनीही त्यांच्यापुढे लोटांगण घातले. ही जबाबदारी नाकारण्याकडे त्यांचे मन होते. पण नाकारल्यास पुन्हा तोच गोंधळ माजेल, ही भीतीही होती. बराच वेळ प्रार्थना करून त्यांनी होकार दिला.

राज्याभिषेकासाठी त्यांनी रोम सोडून आक्विला शहर निवडले. ते चार्ल्सच्या राज्यात होते, व तेथील कोल्लेमाज्जो नावाचे मातेचे मंदिर पिएत्रोंनीच काही वर्षांपूर्वी बांधविले होते. प्रभू येशूने यरुशलेमेत प्रवेश केला तो गाढवावर बसून. म्हणून नवे पोपही गाढवावर बसूनच शहरात शिरले. त्यांच्या मनात ही नम्रतेची खूण होती. परंतु गाढवाचा लगाम एका बाजूने चार्ल्स राजाने व दुसऱ्या बाजूने त्याच्या मुलाने धरला होता. पाहणाऱ्यांपैकी भाविकांस त्यात राजाची नम्रता दिसली असेल. शहाण्यांस मात्र दिसले असेल की, लगाम कोणाच्या हाती आहे. २९ ऑगस्ट १२९४ रोजी मोठ्या जनसमुदायासमोर अभिषेक झाला व पिएत्रोंनी सेलेस्टीन हे नाव घेतले.

पुढील हकीकत लिहिताना आम्हांस वाईट वाटते, पण चरित्रकाराने दोष झाकू नयेत. सेलेस्टीन ह्यांचा कारभार चांगला झाला नाही. दरबारी व्यवहार लॅटिन भाषेत चाले व त्यांचे लॅटिनचे ज्ञान बेताचेच होते. ज्याने जे मागितले त्यास ते देऊन टाकीत. एकच नेमणूक दोघांतिघांस दिली गेली. मजकूर लिहिण्यापूर्वीच मोहर केलेली कोरी आज्ञापत्रे बाहेर गेली, व लबाडांनी ती हवी तशी भरली. सप्टेंबरात त्यांनी बारा नवे कार्डिनल नेमले. त्यांपैकी सात फ्रेंच होते. चार्ल्सची मर्जी त्यात स्पष्ट दिसते. चार्ल्सच्या विशीतल्या मुलास लिऑनच्या थोर धर्मप्रांताचा कारभार मिळाला. सिसिलीविषयी चार्ल्सने आरागॉनच्या राजाशी जो करार केला होता, त्यास १ ऑक्टोबर रोजी पोपची मान्यता मिळाली. आणि एवढ्यावर न थांबता राजाने पोपना रोमला न जाऊ देता आपल्या राजधानीत, नेपल्सला नेले. तेथील नव्या किल्ल्यात त्यांचा मुक्काम पडला. पोप असताना सेलेस्टीन ह्यांनी रोमचे दर्शनही घेतले नाही.

तथापि ह्या पाच महिन्यांत त्यांच्या हातून दोन गोष्टी चांगल्या झाल्या, त्या सांगितल्या पाहिजेत. पोप ग्रेगरी दहावे ह्यांनी १२७४ साली असा नियम केला होता की, पोपची निवड करणाऱ्या कार्डिनलांस एका ठिकाणी कोंडून ठेवावे. तीन दिवसांत निवड न झाल्यास पुढील पाच दिवस जेवणात एकच पदार्थ द्यावा, आणि त्यानंतर केवळ भाकरी, पाणी व द्राक्षारस द्यावा. हा नियम कार्डिनलांस जाचक वाटून दोन वर्षांतच स्थगित झाला होता. सत्तावीस महिन्यांचा घोळ त्यामुळेच शक्य झाला. सेलेस्टीन ह्यांनी तो नियम पुन्हा चालू केला, व तो पुढेही टिकला. दुसरी गोष्ट, कोल्लेमाज्जोच्या मंदिरात २९ ऑगस्टच्या सणास जो कोणी पश्चात्ताप करून व पापांची कबुली देऊन येईल, त्यास त्यांनी पापदंडाची माफी जाहीर केली. तिच्यासाठी राजास व रंकास एकच अट होती. पैशाची अट नव्हती. हा वार्षिक सण आक्विला शहरात शतकानुशतके चालत आला, व २०१९ साली जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली.

नेपल्सच्या किल्ल्यात सेलेस्टीन ह्यांनी आपल्यासाठी लाकडाची एक लहानशी खोली बांधून घेतली. तीत बसले म्हणजे त्यांस मोर्रोनेच्या गुहेची आठवण होई. नाताळापूर्वीचा उपासकाळ जवळ आला, तेव्हा तो काळ एकांतात घालवावा व कारभार तीन कार्डिनलांच्या हाती द्यावा, असा त्यांचा विचार होता. परंतु ख्रिस्ती मंडळीला एकाच वेळी तीन प्रमुख कसे चालतील, असा आक्षेप ओर्सिनी घराण्यातील एका कार्डिनलाने घेतला, व तो बेत फसला. मग त्यांच्या मनात मोठा झगडा सुरू झाला. आपल्या सहीने अन्याय होत आहेत हे त्यांस दिसत होते. पद ठेवावे तर इतरांचे नुकसान. सोडावे तर देवाने दिलेले काम टाकल्याचा दोष. शिवाय पोपना पद सोडता येते की नाही, हाच मोठा प्रश्न होता.

त्यांनी धर्मशास्त्र जाणणाऱ्यांचा सल्ला घेतला. त्यांत मुख्य होते तेच बेनेदेत्तो कायेतानी. कायेतानी हे कायद्याचे गाढे पंडित. पदत्याग करता येतो, असे त्यांनी शास्त्राधारे सांगितले. पुढे तेच पोप झाले, म्हणून त्यांनी भोळ्या म्हाताऱ्यास फसविले असे लोक म्हणू लागले. रात्री खोलीत नळीतून बोलून त्यांनी आकाशवाणीचा भास केला, अशीही एक कथा प्रचारात आली. ती कथा शत्रूंनी रचलेली दिसते. तिला आम्ही महत्त्व देत नाही. कारण पद सोडण्याची इच्छा मूळ सेलेस्टीन ह्यांचीच होती. ही वार्ता फुटताच नेपल्सचे लोक रस्त्यांत मिरवणूक काढून पोपनी पद सोडू नये म्हणून विनवू लागले. राजाही हे टाळण्याची खटपट करीत होता. पाच महिने ज्याचे शब्द त्यांनी मोडले नव्हते, त्या राजास सेलेस्टीन ह्यांनी ह्या एका बाबतीत दाद दिली नाही.

१३ डिसेंबर १२९४ रोजी कार्डिनलांची सभा भरली. सेलेस्टीन ह्यांनी पदत्यागाचा लेख वाचून दाखविला. त्यात त्यांनी आपले वय, शरीराची दुर्बलता, ज्ञानाची उणीव व पूर्वीच्या शांत जीवनाची ओढ ही कारणे दिली होती. दुसऱ्या कोणास त्यांनी दोष दिला नाही. मग ते आसनावरून उतरले, अंगठी, मुकुट व पोपची वस्त्रे काढून ठेवली, आणि संन्याशाचे जुने वस्त्र अंगावर घेऊन जमिनीवर बसले. सभेतील पुष्कळांच्या डोळ्यांस पाणी आले, असे सांगतात. अकरा दिवसांनी, २४ डिसेंबर रोजी, त्यांनीच पुन्हा चालू केलेल्या नियमाप्रमाणे निवड झाली, व बेनेदेत्तो कायेतानी हे बोनिफेस आठवे ह्या नावाने पोप झाले.

पिएत्रोंस वाटले होते की आपण आता गुहेत परत जाऊ. पण एकदा राजकारणाच्या जात्यात सापडलेला दाणा सहजासहजी बाहेर पडत नाही. बोनिफेस ह्यांनी सेलेस्टीन ह्यांच्या काळातील बहुतेक देणग्या व नेमणुका रद्द केल्या. त्यांच्या शत्रूंस ही संधी होती. पोपने पद सोडणे बेकायदा आहे, म्हणून खरे पोप सेलेस्टीनच, असे म्हणून कोणी त्या म्हाताऱ्यास पुढे केले तर ख्रिस्ती मंडळीत फूट पडेल, ही भीती बोनिफेस ह्यांस वाटली. आणि १२९७ साली कोलोन्ना घराण्याने हाच मुद्दा उपस्थित केला, ह्यावरून ती भीती अगदीच निराधार नव्हती असे म्हणावे लागते. म्हणून पिएत्रोंस आपल्याबरोबर रोमला न्यावे असे त्यांनी ठरविले. वाटेत पिएत्रो निसटले. काही काळ ते आपल्या डोंगरात लपले, मग आपुलिया प्रांतातील रानांत हिंडले, आणि शेवटी समुद्र ओलांडून ग्रीस देशी जाण्यासाठी जहाजात बसले. परंतु वादळाने जहाज परत किनाऱ्यास लावले. १२९५ च्या मे महिन्यात विएस्ते गावी ते पकडले गेले. वाटेने त्यांस आणीत असता खेड्यापाड्यांचे लोक दर्शनासाठी गर्दी करीत होते. कैदी करून नेणाऱ्यांस ती गर्दीच अधिक भयाची वाटली असावी.

त्यांस फुमोने येथील डोंगरी किल्ल्यातील एका अरुंद कोठडीत ठेवण्यात आले. सोबतीस त्यांच्या संघातील दोन संन्यासी दिले होते. पिएत्रोंनी तक्रार केली नाही. आयुष्यभर त्यांनी कोठडीच मागितली होती. ती आता दुसऱ्याच्या कुलुपात मिळाली एवढेच. तेथेच १९ मे १२९६ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांचा खून झाला अशी वदंता पुढे पसरली, परंतु तिला पुरावा नाही. ऐंशी ओलांडलेल्या कैद्यास मरण येण्यास कोठडीच पुरेशी होती.

मेल्यावरही राजकारणाने त्यांस सोडले नाही. बोनिफेस हे विद्वान व कर्तबगार पोप होते. इ. स. १३०० चे मोठे महोत्सववर्ष त्यांनी भरविले व १३०३ साली रोममध्ये विद्यापीठ स्थापिले. परंतु त्यांस अधिकाराचा ताठा फार. फ्रान्सचा राजा फिलिप चौथा ह्याच्याशी त्यांचा कलह विकोपास गेला, आणि सप्टेंबर १३०३ मध्ये फिलिपचा मंत्री नोगारे व कोलोन्ना घराण्यातील एक सरदार ह्यांनी आनान्यी गावी त्यांस पकडून त्यांची विटंबना केली. महिनाभरात, ११ ऑक्टोबर रोजी, ते वारले. ज्यास पद टिकविता आले नाही तो किल्ल्यात मेला, आणि ज्याने पद घट्ट धरून ठेवले तो अपमानाने खचून मेला. पुढे फिलिप राजाने बोनिफेस ह्यांची निंदा व्हावी म्हणून सेलेस्टीन ह्यांस हुतात्मा ठरवावे, अशी खटपट चालविली. पोप क्लेमेंट पाचवे ह्यांनी ५ मे १३१३ रोजी त्यांस संत म्हणून जाहीर केले खरे. पण हुतात्मा म्हणून नव्हे, आणि सेलेस्टीन ह्या नावाने नव्हे, तर मोर्रोनेचे संन्यासी पिएत्रो ह्या नावाने. आमच्या मते त्यांस स्वतःस विचारले असते, तर त्यांनीही हेच नाव पसंत केले असते. १३२७ साली त्यांच्या अस्थी आक्विलास आणून कोल्लेमाज्जोच्या मंदिरात ठेवण्यात आल्या.

त्यांच्या पदत्यागाविषयी आरंभापासून दोन मते आहेत. इटलीचा महाकवी दांते ह्याने आपल्या काव्यात नरकाच्या दाराशी, भ्याडपणाने मोठा नकार दिलेला एक निनावी मनुष्य दाखविला आहे. तो सेलेस्टीनच, असे पुष्कळ टीकाकार मानतात. बोनिफेस ह्यांच्या राजकारणामुळे दांते स्वतः देशोधडीस लागला होता, तेव्हा बोनिफेस ह्यांस वाट करून देणाऱ्यावर त्याने रागवावे हे समजण्यासारखे आहे. उलट, पुढच्या पिढीतील कवी पेत्रार्क ह्याने एकांतवासाची थोरवी गाताना सेलेस्टीन ह्यांच्या त्यागाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. आमच्या काळातही हा विषय जुना झाला नाही. ६ एप्रिल २००९ रोजी आक्विलास भयंकर भूकंप झाला, मंदिराचे छत कोसळले, पण संतांच्या अस्थी सुरक्षित राहिल्या. त्याच महिन्यात पोप बेनेडिक्ट सोळावे तेथे गेले व आपल्या पदाचे चिन्ह असलेली लोकरी पट्टी त्यांनी त्या समाधीवर ठेवली. तिचा अर्थ त्या दिवशी कोणाच्या फारसा ध्यानात आला नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत बेनेडिक्ट ह्यांनी वार्धक्यामुळे शक्ती उरली नाही असे सांगून पदत्याग केला, तेव्हा मात्र जगास ती पट्टी आठवली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस आक्विलास गेले. सेलेस्टीन हे धैर्याचे पुरुष होते, असा त्यांनी गौरव केला.

आता आमचे मत. सेलेस्टीन ह्यांस केवळ साधू म्हणून डोक्यावर घेणे आम्हांस पटत नाही. त्यांच्या कारकिर्दीत अयोग्य माणसांस नेमणुका मिळाल्या, व योग्य माणसांचे हक्क बुडाले. ज्यांचे नुकसान झाले, त्यांस आपले पोप पवित्र आहेत ह्याचे काय समाधान? मन शुद्ध असले म्हणजे हातून होणारे काम आपोआप शुद्ध होते, असे नाही. खटला समजण्यास कायदा कळावा लागतो, हिशेब तपासण्यास गणित यावे लागते, आणि नाही म्हणण्यास मनाचे बळ लागते. सद्गुण हा विद्येच्या व शिस्तीच्या जागी उभा करता येत नाही. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही हे आवर्जून सांगतो, कारण चांगला मुलगा आहे एवढ्यावर अभ्यासात सूट मागण्याची सवय शाळेतच लागते.

परंतु त्यांस भ्याड म्हणणे हा त्याहून मोठा अन्याय होय. भ्याड मनुष्य काय करतो? तो आसनावर बसून राहतो, सह्या दुसऱ्यांस करू देतो, आणि चूक उघडकीस आली की हाताखालच्यांवर ढकलतो. सेलेस्टीन ह्यांस हे सहज करता आले असते; राजा, लोक व त्यांचे स्वतःचे शिष्य, सर्वांस तेच हवे होते. त्याऐवजी भर सभेत, ज्यांनी त्यांना निवडले त्यांच्याच समोर, त्यांनी आपली उणीव स्वतःच्या तोंडाने सांगितली. पुढे काय होईल ह्याची हमी कोणी दिली नव्हती, आणि जे झाले ते आम्ही सांगितलेच आहे. पाच महिन्यांत त्यांनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या बहुतेक आज्ञा काही दिवसांतच रद्द झाल्या. स्वतःच्या विवेकाने केलेली ही एक आज्ञा मात्र टिकली. पोपनी पद सोडावयाचे तर ते कसे, हे जगाने त्यांच्याकडून शिकून घेतले.

आमच्या वाचकांपैकी कोणी पुढे शाळेचे मुख्याध्यापक होतील, कोणी कचेरीत अधिकारी होतील, कोणी मंडळीचे पंच होतील. पद देणारे पुष्कळ वेळा आपल्या सोयीसाठी देत असतात, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. पद घेण्यापूर्वी त्या कामाची विद्या आपल्यापाशी आहे काय, हे पाहावे. नसल्यास ती मिळवावी. मिळण्यासारखी नसल्यास नम्रपणे नको म्हणावे. आणि घेतल्यावर आपल्यामुळे इतरांचे नुकसान होत आहे असे खरोखर दिसून आले, तर लोक काय म्हणतील ह्या भीतीने खुर्चीला चिकटून राहू नये. मोर्रोनेच्या त्या वृद्ध संन्याशाने खुर्ची सोडली, व त्याची किंमतही मोजली. ती किंमत मोजण्याची तयारी ज्याची नाही, त्याने त्यास भ्याड म्हणू नये.